शेवटच्या मार्गावरचं गवत

१

कंपनीची बस निगडीहून चाकणला पोचेपर्यंत माझ्या हातात गेमचा कन्सोल असतो. रस्ता तळवड्याला तुंबतो, महाळुंग्याला पुन्हा तुंबतो, आणि कांद्याचा बाजार असेल त्या दिवशी तुंबणं हाच रस्ता असतो. पुढच्या सीटवरचे कोंडाजीकाका रोज एकदा मागे वळून म्हणायचे, "इंजिनिअर झालीस तरी पोराटोरांचं ते सोडवंना व्हय तुला?" मी म्हणायचे, "तुमचं व्हॉट्सअ‍ॅपवरचं गुड मॉर्निंग सुटलं की सांगा." मग ते पुढे बघायचे.

गेम साधा आहे. गवतातून चालायचं. गवतात जीव लपलेले असतात, त्यांच्याशी लढायचं, जाळं टाकून पकडायचं, वाढवायचं. पकडलेल्या जिवाला आपण हवं ते नाव देऊ शकतो. गवतातल्या, अजून कुणाच्याच न झालेल्या जिवाला नाव नसतं. त्याच्या चौकटीत फक्त जात लिहिलेली असते आणि लेव्हल.

कॉलेजात असताना मी तो अर्धवट सोडला होता. लग्न ठरलं आणि घरात कुठल्याही विषयावरचं बोलणं शेवटी साड्यांवर येऊन थांबायला लागलं, तेव्हा मी तो कपाटातून पुन्हा काढला. आता मी शेवटच्या मार्गावर होते. सगळ्यांना हरवून झाल्यावरच हा मार्ग उघडतो. तिथे दुकान नाही, जखमी जिवांना बरं करणारं घर नाही, वाटेत भेटून सल्ला देणारं माणूस नाही. एक उंच सपाटी, फिकट रंगाचं कमरेइतकं गवत आणि टोकाला एक दरवाजा. मला तो मार्ग आवडायचा. सल्ला देणारं कुणी नाही, हे त्यातलं मुख्य.

माझा होणारा नवरा निरंजन प्राधिकरणात राहतो, आम्ही यमुनानगरला. म्हणजे लग्नाने माझा बसचा एक स्टॉप बदलणार होता. मला वाटलं होतं, तेवढंच बदलणार आहे.

२

एका रविवारी दुपारी निरंजनच्या आईने, सुमनताईंनी, चहाच्या आधीच विषय काढला.

"मिनल," त्या म्हणाल्या. "कसं वाटतं?"

"कोण मिनल?"

"तू गं. लग्नानंतर."

त्यांच्याकडे लग्नात नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे. हे मला माहीत होतं, पण आजीच्या पिढीबरोबर संपलेली गोष्ट म्हणून माहीत होतं.

"काकू, माझ्या नावाला काय झालंय?"

"काही झालेलं नाही. गोड आहे. पण रीत असते ना. मीसुद्धा काही जन्मापासून सुमन नव्हते."

"मग कोण होतात?"

सुमनताईंनी आठवून पाहिलं. मला वाटलं होतं, त्या लाजतील नाहीतर हसतील. तसं काही झालं नाही. डबा कुठे ठेवला ते आठवावं तसं त्यांनी कपाळाला आठ्या घालून, खरोखर आठवून पाहिलं.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "चहा निवतोय."

निरंजन म्हणाला, "कागदावर काही बदलणार नाही, अनु. आधार, पॅन, कंपनी, सगळं तेच."

"मग ताटात तरी कशाला?"

त्याने बिस्किटांची बशी पुढे केली. तो भला मुलगा आहे. अडला की हेच करतो.

परत येताना रिक्षात आई म्हणाली, "मी नाही का बदललं? काय बिघडलं माझं?"

माझी आई वासंती. बाबांचं नाव अनंत, त्याला शोभेलसं म्हणून वासंती. राजगुरुनगरकडच्या तिच्या गावात लग्नाआधी ती मालन होती. हे मला आजीमुळे माहीत. आजी तिला त्या नावाने हाक मारायची. आजी गेली आणि मग ते नाव कुणी घेतलं नाही. मामासुद्धा ताई म्हणतात.

"मी बदलणार नाही," मी म्हणाले. "ताटात तांदूळ दिसले तर मांडवातून उठून जाईन. तुमच्या सगळ्यांच्या देखत."

मी गेले असते. तेव्हाची मी नक्की गेले असते.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी बस तळवड्याला उभी होती. पुढे एक ट्रेलर वळायचं नाव घेत नव्हता. गेममध्ये मी वरच्या सपाटीवर पोचले होते. गवत हललं, स्क्रीन काळी झाली. आता लढाईचं संगीत सुरू व्हायला हवं होतं. झालं नाही. इयरफोनमध्ये फक्त गवताचा आवाज येत राहिला. सर्र. मग थांबून पुन्हा सर्र.

समोर आलेला जीव पाठमोरा होता.

या गेममध्ये आपलेच जीव पाठमोरे दिसतात, कारण ते आपल्या बाजूने उभे असतात. समोरचा कायम आपल्याकडे तोंड करून असतो. हा समोर होता आणि पाठमोरा होता. चौकटीत जातीच्या जागी इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं, मालन. लेव्हल वीस. त्या मार्गावर पन्नासच्या खालचं कुणी भेटत नाही. विसाचा जीव तिथे एक वारसुद्धा टिकणार नाही.

मी काही केलं नाही. जरा वेळाने खाली ओळ आली. तिचा अर्थ एवढाच होता, मालन उभी आहे. मी तरीही काही केलं नाही. पुन्हा ओळ आली, मालन उभी आहे.

मी 'पळा' दाबलं.

मी कंपनीत क्वालिटीला आहे. एखादा पार्ट रिजेक्ट झाला की आम्ही 'का' विचारतो, मिळालेल्या उत्तराला पुन्हा 'का' विचारतो, आणि असं खाली खाली जात मूळ कारण गाठतो. बसमध्ये मी तेच केलं. हे नाव गेममध्ये आलं कसं? मीच कधीतरी दिलं असेल. मग नाव दिलेला जीव गवतात कसा? कॉलेजात असताना सोडून दिला असेल. सोडलेला जीव या गेममध्ये परत भेटतो का? नाही भेटत. तिथे साखळी तुटली. तुटलेल्या जागी मी मनात 'गेममधली चूक' असं लिहून मोकळी झाले. लाइनवरच्या सुपरवायझरने मला असलं कारण दिलं असतं तर मी त्याचा कागद परत पाठवला असता.

४

संध्याकाळी आई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. बाहेर बाबांच्या बातम्या नेहमीसारख्या गल्लीला ऐकू जातील अशा चालू होत्या. मी दारात थांबले.

आईचा हात ताटातून फिरला. सर्र. खडा उचलायला थांबला. पुन्हा सर्र.

सकाळचाच आवाज होता तो. मी स्वतःला सांगितलं की भातसुद्धा शेवटी गवतच आहे, कोरडं ते कोरड्यावर घासलं की असाच आवाज येणार. उत्तर बरोबर होतं. मी तरीही दारातच उभी होते.

"मालन," मी तिच्या पाठीमागून म्हणाले.

हात थांबला नाही.

"मालन."

बाहेर बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "कुणाला हाक मारतेस गं? कोण आलंय?" त्यांनी विचारलं. चेष्टा नव्हती ती. ते दाराकडे बघत होते.

मी आईच्या समोर जाऊन बसले. "आई, मालन तुझंच नाव होतं ना?"

"होतं."

"मग ओ का नाही दिलीस?"

"मला कुठे मारलीस हाक?"

वाद घालायला मला आवडतं, पण ती वाद घालत नव्हती. वार सांगावा तसं सांगत होती. मग मी तिला कन्सोल दाखवला आणि सकाळचं सगळं सांगितलं. पदराला हात पुसून तिने तो घेतला. साधा फोन हातात धरतानाही ती घाबरते. हा मात्र तिने नीट, दोन्ही हातांनी धरला. स्क्रीनवर कुणीच नव्हतं. नुसतं गवत आणि त्यात बोटाच्या पेराएवढी मी. आई बराच वेळ बघत राहिली, जुन्या फोटोत आपण कुठे उभे आहोत ते शोधतात तशी.

"वारा फार आहे तिथे," ती म्हणाली.

इयरफोन माझ्या बॅगेत होते. आणि चित्रातलं गवत तेव्हा हलत नव्हतं.

"दिसली तर दिसू दे," कन्सोल परत देत ती म्हणाली. "बोलवू नकोस. इथे दोघींना जागा नाही. कुकर लाव, उशीर झालाय."

५

बसमध्ये माझ्या शेजारी रुपाली बसते. ती स्टोअरला आहे, परभणीकडची, लग्न होऊन इकडे आलेली. गेममधल्या प्रत्येक जिवाला ती कोंबडं म्हणते.

"आज कोणतं कोंबडं धरायलीस?" तिने विचारलं, आणि तेवढ्यात स्क्रीन काळी झाली. संगीत आलं नाही. मी एक इयरफोन तिला दिलेला होता, त्यामुळे गवत आम्ही दोघींनी ऐकलं.

पुन्हा पाठमोरं कुणीतरी. मालन नव्हती. मी मोठ्याने वाचलं, "प्रयाग. लेव्हल एकोणीस. आता ही कोण?"

बस महाळुंग्याच्या गर्दीत शिरली होती, चारी बाजूंनी हॉर्न चालू होते. रुपालीने कानातला इयरफोन काढून मुठीत धरला.

"तुला कुणी सांगितलं?" तिने हळू विचारलं.

"काय?"

"माझं नाव. लग्नाच्या आधीचं. हितं कुणालाच म्हाईत न्हाई. आधारवर बी न्हाई आता." तिचं बोट स्क्रीनजवळ गेलं, पण तिने ते टेकवलं नाही. "एकोणीसची होते मी. सासूबाई म्हणल्या, म्हातारीचं नाव हाय हे, रुपाली ठेवू."

मालन मी लिहिलं असण्याची शक्यता होती. प्रयाग लिहिलं असण्याची नव्हती. मूळ कारणापाशी पोचायला आता पायरीच उरली नाही, हे मला त्या गोंगाटात अगदी स्वच्छ कळलं.

"धर की तिला," रुपाली म्हणाली. "जाळं टाक."

मी टाकलं. ते गवतात पडलं आणि ओळ आली. ज्याला आधीच मालक आहे अशा जिवावर जाळं टाकलं की येते तीच, ही कुणाचीतरी आहे.

"कुणाची?" रुपालीने विचारलं.

ते गेम सांगत नाही.

त्या दिवसापासून दवाखान्यातल्या माणसाची करावी तशी ती रोज चौकशी करायची. "दिसली का? कशी हाय?" नाही दिसली म्हटलं की पदर आवळून खिडकीकडे बघत बसायची. एकदा म्हणाली, "बारीक झाल्यावाणी न्हाई का वाटत?"

"रुपाली, चित्र आहे ते."

"व्हय, चित्रच हाय," ती म्हणाली. "तरी पण."

६

मी सुमनताईंच्या घरी जाऊन सरळ सांगितलं की नाव बदलायचं असेल तर लग्न नाही. गवताबद्दल अर्थातच बोलले नाही. तेवढं बोलले असते तर त्यांनी मला आधी देवऋष्याकडे नेलं असतं आणि मग मिनल केलं असतं.

तोडगा निरंजनने काढला. "ताट होऊ दे," तो म्हणाला. "तांदूळही असू देत. मी त्यात 'अनुया' लिहितो. आईची रीत राहील, तुझं नाव राहील."

सुमनताईंनी विचार केला आणि त्या हसल्या. "बरं बाई. जिंकलीस तूच."

मी जिंकलेच होते. घरी येईपर्यंत मी हे चार मैत्रिणींना कळवलं होतं. आई डाळीला फोडणी देत होती. माझं ऐकून तिने गॅस बंद केला.

"तसं नको."

"आता काय झालं?"

"मग लिहूच नका काही. नाहीतर दुसरं लिहा. तेच नको."

"आई, आधी म्हणालीस बदल. आता मी बदलत नाहीये तर म्हणतेस बदल. तुम्हा लोकांना नेमकं काय हवं असतं? एकदा सगळे मिळून ठरवा आणि मला कळवा."

"दुसरं नाव असलं की निदान कोण कुठली ते समजतं," आई म्हणाली.

"काहीतरीच बोलू नकोस."

तिने बाहेर बाबांकडे पाहिलं. बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. ब्लाउजच्या फिटिंगला मला उशीर होत होता. ती अजून काहीतरी सांगणार होती, तिने माझा हातही धरला होता. मी तो सोडवून घेतला आणि निघाले.

लग्न तळेगावच्या एका कार्यालयात झालं, भर दुपारी, भर उजेडात. ताट आलं. निरंजनने अंगठी धरली आणि माझ्याकडे बघून हसला, ठरल्याप्रमाणे लिहितोय हं, अशा अर्थाने. तांदळातून अंगठी फिरली. सर्र. थांबली. पुन्हा सर्र. फोटोग्राफरने पंखे बंद करायला लावले होते, अक्षर विस्कटू नये म्हणून. तरी माझ्या पायांना वारा लागला. उघड्या माळावरचा लागतो तसा, थंड, एका बाजूने येणारा.

अक्षरं नीट उमटली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग कुणीतरी ताट उचललं आणि तळहाताने तांदूळ सारखे केले.

मागून कुणीतरी "अनुया" अशी हाक मारली. कुणाला बोलावतायत ते बघायला मीही सगळ्यांबरोबर मागे वळले. माझी आई होती. माझ्याकडे बघत होती. मग तिने तोंडाला पदर लावला, आणि सगळे म्हणाले, आईच ती, पाठवणीच्या आधीच रडू आलं.

७

आता मी प्राधिकरणातून बसमध्ये चढते. एकच स्टॉप बदलला.

दिवस चांगले चाललेत. सुमनताई म्हणतात, "आधी किती तडतडायचीस गं, मला तर काळजीच वाटत होती." मी हसते. त्यांचं काही चुकत नाही. मी काय काय बोलले होते ते मला शब्दन् शब्द आठवतं. मांडवातून उठून जाईन म्हणाले तेव्हा रिक्षा कुठल्या चौकात होती तेसुद्धा आठवतं. राग आठवत नाही. कुठे होता ती जागा सापडते, पाटावरून कुणी उठून गेल्यावर पाट राहतो तशी.

कोंडाजीकाका परवा मागे वळून म्हणाले, "लगीन झालं तरी सोडवंना व्हय?"

"सोडीन की, काका," मी म्हणाले.

ते लगेच पुढे वळले नाहीत. थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग वळले.

मी कन्सोल सुरू केला. बस तळवड्याला उभी होती. शेवटचा मार्ग, वरची सपाटी. दरवाजा आता समोर दिसत होता, मध्ये थोडंच गवत उरलं होतं. ते हललं आणि स्क्रीन काळी झाली. संगीत आलं नाही.

अनुया. लेव्हल सव्वीस.

ही पाठमोरी नव्हती. ही माझ्याकडे तोंड करून उभी होती. तोंड म्हणजे तरी काय, चार-सहा ठिपके. मी नीट पाहिलं नाही. नजर चौकटीवर ठेवली.

खाली ओळ आली. नेहमीची नव्हती. अनुया वाट अडवून उभी आहे.

मी माझं खेळाडूचं कार्ड उघडून बघितलं. त्यावरही अनुया. गळ्यातल्या कंपनीच्या ओळखपत्रावरही अनुया. सगळं जुळत होतं. कागदावर काहीच बदललं नव्हतं, निरंजन म्हणाला होता तसंच. कार्ड मिटलं. पुन्हा तीच ओळ. अनुया वाट अडवून उभी आहे. माझ्याकडे जाळी होती. टाकून बघायला हरकत नव्हती. अंगठा त्या बटणावर गेलाही. मग आई स्वयंपाकघरात म्हणाली होती ते आठवलं, इथे दोघींना जागा नाही, आणि मला ते पटलं. आईचं एखादं बोलणं मला इतक्या सहज पटलं ते पहिल्यांदाच.

मी 'पळा' दाबलं. वाट अडवून उभ्या जिवापुढून पळता येत नाही सहसा. मला एका दाबात आलं. इयरफोन काढले तरी मागे गवत बराच वेळ वाजत राहिलं. आपटत, कुणीतरी त्यातून धावत सुटावं तसं.

"दिसली का?" रुपालीने विचारलं.

"तुझी नाही दिसली."

तिने स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या कपाळाकडे, मंगळसूत्राकडे, आणि शेवटी डोळ्यांत. हळूच म्हणाली, "तुझी?"

"हो."

"कशी हाय?"

"चिडलीये."

पुढे अडलेला ट्रेलर वळला. बस हलली. रुपालीने डब्याची पिशवी मांडीवर सारखी केली आणि समजल्यासारखी मान हलवली.

"चिडू दे," ती म्हणाली. "चिडलीय तवर तोंड तरी दिसतंय."